'सिग्नलला थांबलं की एसी गरम हवा मारतो': कार एसीच्या दुकानाची फेसबुक-इन्स्टावर जाहिरात कशी करायची

माझं चिंचवडला कार एसीचं दुकान आहे. फक्त एसी, ना ऑइल बदलतो ना ब्रेक. आत दोन गाड्या बसतात, तिसरी रस्त्यावर, चौथी आली की शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याची बोलणी. मी, एक जुना कारागीर आणि दोन पोरं. जाहिरात मीच करतो, रात्री शटर पाडल्यावर, आणि आधी त्यात बऱ्यापैकी पैसे बुडवलेत म्हणून हे लिहायला बसलोय. तुमचं दुकान डिझेल पंपाचं असेल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं असेल, नुसतं सस्पेन्शनचं असेल तरी बरंचसं लागू पडेल, उदाहरणं तेवढी तुमची घाला.

पैसे कसे बुडवले ते आधी सांगतो. दुकानाच्या बोर्डाचा फोटो टाकला, 'सर्व प्रकारच्या गाड्यांचे एसी रिपेअर करून मिळतील' असं लिहिलं, खाली निळं बूस्टचं बटण दिसलं (पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं), दाबलं. एरिया विचारला तर महाराष्ट्र ठेवला, म्हटलं जेवढा मोठा तेवढं बरं. लाईक भरपूर पडले, बायकोला दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी लातूरवरून एका माणसाचा फोन, दादा इकडे येऊन करून देता का. गाडी एकही आली नाही. मग एका एजन्सीला महिन्याचे पैसे ठरवून काम दिलं. त्यांनी गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा, मदर्स डेच्या शुभेच्छा, सगळं छान छान डिझाइन करून टाकलं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझा लोगो, आणि एप्रिल-मे म्हणजे आमचा पूर्ण सीझन त्या शुभेच्छांत गेला. मदर्स डेचं कार्ड बघून कोण गाडी घेऊन येणार आहे एसी दाखवायला?

जाहिरातीत दुकान नाही, तक्रार दाखवायची

एसीवाला कोणाला आधीपासून आठवत नसतो हो. माणूस घामाघूम झाला की त्याला आपली आठवण येते, आणि त्या वेळी त्याच्या डोक्यात 'कंडेन्सर' किंवा 'एक्सपान्शन व्हॉल्व्ह' हे शब्द नसतात, त्याच्या डोक्यात त्याचं स्वतःचं वाक्य असतं. ते वाक्य जाहिरातीत दिसलं की तो थांबतो, अरे हे तर माझ्याच गाडीचं चाललंय.

म्हणून पहिलं काम लॅपटॉपवर नाहीच. गल्ल्यापाशी एक वही ठेवा आणि पंधरा दिवस गिऱ्हाईक आल्यावर जे पहिलं वाक्य बोलेल ते जसंच्या तसं लिहा, शुद्ध करू नका, आपल्या भाषेत आणू नका. माझ्या वहीतली काही:

"चालू गाडीत गार लागतं, सिग्नलला थांबलं की एसी गरम हवा मारतो." (फॅन स्लो झालाय, कंडेन्सर म्हणजे पुढची गॅस गार करणारी जाळी चोकअप आहे, नाहीतर गॅस कमी.)

"एसी लावला की पहिली पाच मिनिटं कुबट वास येतो, मुलगी नाकच धरते." (कूलिंग कॉइलवर ओल आणि घाण, केबिन फिल्टर गाडी घेतल्यापासून बदललेला नाही.)

"डाव्या सीटच्या पायाशी पाणी साठतं, छत गळतंय का?" (छत कशाला गळतंय, ड्रेन पाइप तुंबलाय, जे पाणी गाडीखाली टपकायला पाहिजे ते आत येतंय.)

"गेल्या उन्हाळ्यात गॅस भरला होता, परत संपला."

यातलं शेवटचं सोन्यासारखं आहे. आपल्या धंद्यात सगळ्यांना माहितीये आणि गिऱ्हाइकांपैकी जवळजवळ कोणालाच नाही, की एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो बंद पाइपांत गोल गोल फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. मी या एका गोष्टीवर व्हिडिओ केला, वर मोठ्या अक्षरात 'गॅस संपत नाही, गळतो'. अजूनही सगळ्यात जास्त चालतो तो हाच, दोन सीझन झाले, बदललेला नाही. एक तक्रार, एक व्हिडिओ. चार तक्रारी एका व्हिडिओत कोंबल्या की कोणालाच तो आपला वाटत नाही.

व्हिडिओ

चांगला मोबाईल, उभा धरायचा, एवढंच. कॅमेरावाला लावू नका, ड्रोन तर नकोच नको.

गळतीचा व्हिडिओ कसा घेतला ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. एक जुनी आय-टेन आली होती, मालकाला विचारलं शूट करू का, तो म्हणाला नंबर दिसू देऊ नका. एसीच्या पाइपांत प्रेशरने नायट्रोजन सोडला, पोराला टॉर्च धरायला लावला, आणि कंडेन्सरच्या जॉइंटवर साबणाचं पाणी ब्रशने लावलं. दोन सेकंद काही नाही. मग ओ-रिंगपाशी, म्हणजे जॉइंटमधल्या रबराच्या रिंगपाशी, एक बारीक बुडबुडा आला, मोठा झाला, फुटला, लगेच दुसरा. मी पाठीमागून एवढंच म्हटलं, "हे बघा, इथून जातोय, आणि मालक दोन वर्षं वरून भरतायत." एडिट करताना तो बुडबुडा पहिल्या सेकंदाला आणला. माझा चेहरा, बोर्ड, नमस्कार मी अमुक तमुक, सगळं कापलं, कारण अंगठा तेवढा वेळ थांबत नाही.

शेवटचा शॉट नेहमी थर्मामीटरचा. एसीच्या जाळीत डिजिटल थर्मामीटर खोचायचा, काम करायच्या आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, त्याच गाडीचा, त्याच दुपारी. त्या गाडीचं आधी २१ होतं, नंतर ९. 'उत्तम कूलिंगची खात्री' वगैरे लिहायची गरजच उरत नाही. आणि आकडा खरा ठेवा, सकाळी आठला थंड वेळेत मोजून दुपारचा म्हणून दाखवू नका, एखादा हुशार माणूस कमेंटमधे पकडतो.

बाकी बारीकसारीक: हवेचा कॉम्प्रेसर बंद करून बोला नाहीतर काही ऐकू येत नाही. तरीही अक्षरं व्हिडिओवर टाकाच, कारण ऑफिसात बसलेली माणसं आवाज बंद ठेवून बघतात. सिनेमाची गाणी जाहिरातीत लावू नका, कॉपीराइटमधे अडकते. मेटाचं, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीचं, स्वतःचं फुकट म्युझिक आहे, पण खरं सांगू का, पान्याचा आणि गॅस सोडतानाचा फुस्स आवाज गाण्यापेक्षा भारी वाटतो. आणि कंपन्यांचे लोगो लावून आपण ऑथोराइज्ड आहोत असा भास करू नका, उगाच नोटीस येईल. 'स्विफ्टचं कंडेन्सर काम' असं साधं लिहिलं तर चालतं.

आमच्याकडे वाकड, पिंपळे सौदागरला बाहेरून आलेली आयटीची पब्लिक खूप, त्यामुळे प्रत्येक व्हिडिओ एकदा मराठीत बोलतो, एकदा हिंदीत, दोन वेगळ्या जाहिराती. एकाच व्हिडिओत दोन्ही भाषांची खिचडी केली होती एकदा, मलाच बघवेना.

सेटिंग, जिथे खरे पैसे जातात

बूस्टचं बटण विसरा. लॅपटॉपवर ॲड्स मॅनेजर उघडा, फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती तिथून लावतात. पहिल्यांदा भीती वाटते, विमानाच्या कॉकपिटसारखं दिसतं, पण आपल्याला त्यातली सहा-सात बटणंच लागतात.

आधी फेसबुक पेज, इन्स्टा आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर एकमेकांना जोडून घ्या. नंबर दुकानाचा घ्या, घरचा नको, नाहीतर रात्री साडेअकराला जेवताना लोक विचारतात भैया दुकान चालू है क्या.

कॅम्पेन (नवी जाहिरात) उघडताना ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे जाहिरातीतून काय हवंय ते विचारतो. अवेअरनेस घेतलं तर तो फक्त लोकांच्या डोळ्यासमोरून व्हिडिओ फिरवून आणतो. आपण एंगेजमेंट घ्यायचं आणि पुढे मेसेजिंगमधे व्हॉट्सॲप निवडायचं, म्हणजे जाहिरातीखालचं बटण दाबलं की थेट आपल्या नंबरवर चॅट उघडतं. वेबसाइट नसली तरी काही अडत नाही, माझी अजून नाहीये.

मग लोकेशन. हे नीट वाचा. शहराचं नाव टाइप करू नका, नकाशावर दुकानावर पिन टाका आणि सर्कल ठरवा, एक किलोमीटरपासून ८० किलोमीटरपर्यंत मिळतं. मी सात ठेवतो, त्यात निगडी, पिंपरी, थेरगाव, रावेतचा बराचसा भाग येतो. एसीसाठी माणूस याच्या फार पलीकडून येत नाही, मधे त्याला दहा गॅरेज लागतात. गिअरबॉक्सवाल्याचं वेगळं, त्याच्याकडे लोक चाळीस किलोमीटरवरून टोइंग करून आणतात, त्याने सर्कल मोठं घ्यावं. म्हणजे तुमच्यासारखं काम करणारा पुढचा माणूस किती लांब आहे त्यावर सर्कल ठरतं, तुमच्या हौसेवर नाही.

शिवाय मी दुसरी पिन हिंजवडीत टाकतो, छोटं सर्कल, तीन किलोमीटर. राहायला ही माणसं आमच्याकडेच असतात पण दिवसभर गाडी तिकडे उघड्या पार्किंगमधे भाजत असते, संध्याकाळी सहाला दार उघडून आत बसले, सीट चटका देते, पुढे ट्रॅफिक हलत नाही आणि एसी गरम हवा मारतोय, हातात मोबाईल. यापेक्षा चांगली वेळ कुठली मिळणार आपल्याला?

वय २३-२४ च्या पुढे ठेवा. 'कारमधे इंटरेस्ट असलेले' वगैरे फिल्टर मी लावत नाही, सात किलोमीटरमधे आधीच मोजकी माणसं, त्यात अजून गाळलं तर जाहिरात महाग पडते, आणि एसी बिघडलेल्या माणसाला गाड्यांची आवड असतेच असं कुठे आहे. प्लेसमेंटमधे (जाहिरात कुठे कुठे दिसणार ते) जाऊन ऑडियन्स नेटवर्क, म्हणजे फेसबुकबाहेरची दुसरी ॲप, मात्र बंद करा, तिथे गेम खेळताना चुकून बोट लागलेले क्लिक येतात.

बजेट दिवसाला ३०० रुपये पुरे सुरुवातीला. दुकान उघडं असतानाच जाहिरात दिसावी असं वाटत असेल तर डेलीऐवजी लाइफटाइम बजेट घ्यावं लागतं, मग तासांचं टाइमटेबल लावता येतं. मी सकाळी अकरा ते रात्री आठ लावतो.

आणि चालू केलं की सात दिवस हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड. दुसऱ्या दिवशी दोनच मेसेज आले की हात शिवशिवतात, फोटो बदलू, बजेट वाढवू, पण मोठा बदल केला की सिस्टीमचं शिकणं परत पहिल्यापासून सुरू होतं. तिला आठवड्याला साधारण ५० रिझल्ट, म्हणजे आपल्यासाठी मेसेज, लागतात नीट शिकायला, आपल्या ३०० रुपयांत तेवढे येत नाहीत, मग 'लर्निंग लिमिटेड' असं लिहून येतं. घाबरू नका, माझ्या जवळपास सगळ्या जाहिरातींवर ते लिहिलेलं असतं आणि गाड्या येतात.

"गॅस भरायचे किती?"

दहातले सात मेसेज हेच. आणि इथेच निम्मे दुकानदार जाहिरातीचे पैसे घालवतात, कारण ते नुसता आकडा पाठवतात. आकडा बघून समोरचा दुसऱ्या तीन ठिकाणी विचारतो आणि सगळ्यात स्वस्तवाल्याकडे जातो, जो लीक न बघता भरून देतो. जाहिरातीत फिक्स रेट टाकायचा नाही तोही याच कारणाने, शिवाय काही नव्या गाड्यांत आर-१३४ए ऐवजी आर-१२३४वायएफ गॅस असतो, तो कितीतरी महाग, मग दारात भांडण.

माझं उत्तर साधारण असं जातं:

"गॅस भरायचे किती"

"नमस्कार सर, गाडी कुठली, किती सालची? आणि आधी गॅस कधी भरला होता?"

"२०१६ स्विफ्ट. मागच्या मे मधे भरलेला"

"मग सर वर्षात गेला म्हणजे कुठेतरी लीक आहे, नुसता भरला तर परत जाईल. आधी लीक शोधतो, पाऊण तास लागतो, तुमच्यासमोर दाखवतो. चेकिंगचे ३००, काम इथे केलंत तर बिलातून वजा. उद्या सकाळी ११ ला जमेल का संध्याकाळी ५ ला?"

दोन वेळा द्यायच्या. 'कधीही या' म्हटलं की माणूस कधीच येत नाही. ही उत्तरं रोज टाइप करत बसू नका, व्हॉट्सॲप बिझनेसमधे क्विक रिप्लाय सेव्ह करा, चॅटमधे तिरकी रेघ टाकली की यादी येते. आणि उत्तर लवकर गेलं पाहिजे, पाच-दहा मिनिटांत, उकाड्यात बसलेला माणूस दोन तास वाट बघत नाही. आमच्याकडे धाकटा पोरगा पहिली चौकशी करतो, गाडी-साल-तक्रार, मग मला हाक मारतो. हात ग्रीसमधे असतील तर व्हॉइस नोट पाठवा, लोकांना उलट बरं वाटतं खरा मेकॅनिक बोलला म्हणून.

'फ्री एसी चेकअप'ची ऑफर मी एकदा टाकली होती. रविवारी रांग लागली, ज्यांचा एसी उत्तम चालू आहे ते पण आले, सहज दाखवून घ्यावा म्हणून. चहाचाच खर्च जास्त झाला. परत नाही.

हिशोब मेसेजवर करू नका, गाडीवर करा. समजा रोज ३०० प्रमाणे सात दिवस, २१०० झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, एकूण २४७८. मेसेज आले ३०, म्हणजे मेसेजला साधारण ८३ रुपये, ॲड्स मॅनेजर तर जीएसटी सोडून ७० दाखवून खूश करतो. पण दुकानात आल्या ८ गाड्या, म्हणजे गाडीमागे ३१०. आता तुमच्या एका कामात मजुरी किती सुटते ते तुम्हाला माहितीये, ३१० परवडतात का ते तुम्हीच बघा. यासाठी जॉब कार्डवर 'कुठून आलात' एवढा एक रकाना छापून घ्या आणि भरा. जीएसटी नंबर असेल तर ॲड अकाउंटमधे टाका, बिल नीट येतं, सीए शिव्या देत नाही.

आणि जाहिरात बघून माणूस थेट येत नाही बरं का, आधी गुगल मॅपवर दुकानाचं नाव टाकून रिव्ह्यू वाचतो. तिथली कॅटेगरी नुसती 'कार रिपेअर' ठेवू नका, 'ऑटो एअर कंडिशनिंग सर्व्हिस' अशी वेगळी आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट देऊ नका, गुगलच्या नियमात बसत नाही. थर्मामीटरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवतो ना, त्याच क्षणी मागायचा, तेव्हा माणूस खूश असतो.

कमेंटमधे 'हे सगळे लुटतात' लिहिणारा एक असतोच. डिलीट करू नका, शांतपणे लिहा की लीक समोर दाखवल्याशिवाय आम्ही पैसे घेत नाही. शिवी असेल तर हाइड करा आणि सोडून द्या.

एक धोक्याचं. 'तुमच्या पेजने कॉपीराइट मोडलाय, २४ तासात बंद होईल, इथे क्लिक करा' असा मेसेज येईल, नाव मेटा सपोर्टसारखं काहीतरी, लोगो पण तोच. शंभर टक्के फ्रॉड. आमच्या ओळखीतल्या एका टायरवाल्याने क्लिक केलं, पेज गेलं. टू-फॅक्टर (पासवर्डनंतर मोबाईलवर कोड मागणारं कुलूप) आजच लावा, आणि पेजचा ॲडमिन फक्त भाचा किंवा एजन्सीवाला नको, तुम्ही स्वतः पाहिजे.

कधी चालू, कधी बंद

लोक एप्रिलमधे जाहिरात चालू करतात. चूक. पुण्यात फेब्रुवारी संपता संपता दुपारचा चटका बसायला लागतो, तेव्हाच चालू करायची, तेव्हा दुकान रिकामं असतं आणि काम निवांत होतं. त्याच्याही आधी जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट टाका, फुकट आहे, एका लिस्टमधे २५६ जण, फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो, म्हणून गाडी देताना 'नंबर सेव्ह करून ठेवा' म्हणायची सवय लावा.

एप्रिलच्या मध्यावर दुकान भरलं की मी जाहिरात बंद करतो. ऐकायला विचित्र वाटेल, ऐन सीझनला. पण कूलिंग कॉइलचं काम म्हणजे अख्खा डॅशबोर्ड खोलायचा, एक गाडी दिवसभर जागा अडवते, आत जागा दोनच, मग जाहिरातीवर पैसे खर्चून माणूस बोलवायचा आणि त्याला सांगायचं तीन दिवसांनी या, तो जातो तो जातोच, वर गुगलवर एक स्टार देऊन जातो. पोरांना पण घाईत व्हॅक्यूम (गॅस भरायच्या आधी पाइपांतली हवा-ओल ओढून काढायची) अर्धा तास ठेवायचा तो दहा मिनिटांत उरकावा लागतो, ओल आत राहते, गाडी परत येते. दोन जागा रिकाम्या दिसल्या की परत चालू, मोबाईलवरून एक बटण.

मेमधे सुट्टीला कोकणात, गावाला निघायच्या आदल्या दिवशी लोकांना एसी आठवतो, त्यांच्यासाठी जाहिरात लागतच नाही, ते आपोआप येतात आणि आजच पाहिजे म्हणतात.

जूनमधे आमचा धंदा झोपतो असं सगळे म्हणतात. पण पहिल्या पावसात समोरची काच आतून धुरकट होते, तेव्हा एसी चालत नसेल तर काच साफ होत नाही, माणूस एका हाताने फडकं मारत गाडी चालवतो. मागच्या जूनमधे दुकानासमोरच असा एक जण दिसला, गाडी बाजूला घ्यायला लावली, त्याला विचारून काचेचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढला. आधी धुकं, मग एसी चालू, मग काच खालून वर साफ होत जाते. वर लिहिलं, 'पावसात पण एसी लागतो'. दोनशे रुपये रोज, दहा दिवस. आमची दुसरी जागा रिकामी राहिली नाही, आणि फॅब्रिकेशनवाल्याची बोलणी परत सुरू झाली.